घागरीचे माप

सृष्टीला न ओरबाडता घरसंसार कसा चालवावा, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत वारंवार चर्चिला जातो. तोटी वाहती ठेवू नये, ओला कचरा सुक्यात मिसळू नये, बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी, असा उपदेश शाळांतून व वर्तमानपत्रांतून नित्य चालू असतो. त्यावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. दुसरा म्हणतो, यात नवे ते काय? आमच्या आज्या-पणज्या हेच करीत आल्या. आमच्या मते हे दोन्ही पक्ष अर्धेच पाहतात. महाराष्ट्रातील घराचा गेल्या तीन शतकांचा इतिहास चाळला असता असे दिसते की, काटकसर ही पूर्वजांच्या अंगची उपजत थोरवी नव्हती, आणि उधळपट्टी हाही आजच्या पिढीचा स्वभावदोष नव्हे. वापरलेल्या वस्तूचे माप ज्याच्या हाताला कळते, तो ती जपून वापरतो. हे माप कोणाच्या हाती होते व ते कसे सुटले, हेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम झाडाची गोष्ट घेऊ. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे; परंतु त्या झाडांस हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जुलूम सर्वथा करू नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे वृक्षप्रेमाचे स्तोत्र नाही. झाडामागे कोणाचे किती श्रम व किती वर्षे गेली, याचा हा रोकडा हिशेब आहे.

असाच हिशेब पाण्याचाही होता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळाने पुण्यात आणले. शहरातील हौदांवरून ते घरोघर जाई. पण हौदापासून माजघरापर्यंतचा शेवटचा प्रवास घागरीनेच होत असे. डोक्यावरून वा कमरेवरून आलेले पाणी कोणी उगाच सांडीत नाही. तांदूळ धुतलेले पाणी गोठ्यात जाई, मोरीचे पाणी परसातील केळीस व अळूस मिळे. चुलीतील राख भांडी घासण्यास, शेणाच्या गोवऱ्या पुन्हा चुलीत. नारळाची शेंडी व करवंटी बंबात. जुने लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे. पितळेच्या भांड्यास कल्हई लावून ते दोन-दोन पिढ्या वापरीत, आणि फुटलेच तर मोडीत देऊन नवे घेत. अशा घरातून बाहेर टाकण्याजोगे फारसे काही उरतच नसे.

येथपर्यंत दुसऱ्या पक्षाचे वाचक माना डोलावतील. त्यांस आमची विनंती की, त्यांनी चित्राची दुसरी बाजूही पाहावी. ती घागर कोण वाहत होते? पहाटे उठून हौदावर, विहिरीवर वा नदीवर खेपा घालणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेवर त्या काटकसरीचा भार होता. गोवऱ्यांच्या धुराने डोळे जात होते तेही त्यांचेच. घरात फारसा कचरा उरत नसे हे खरे. पण शौचकूपातील मैला मात्र रोज उरे, आणि तो ज्यांच्या डोक्यावरून जाई त्यांस त्याच घराच्या उंबऱ्यास शिवण्याची मुभा नव्हती. गावातील पाण्यावर तर त्यांचा अधिकारच मानला जात नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, हे त्या काळी बंड ठरले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजात तहानलेल्या माणसास ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागले, त्याच्या पाणी जपण्याच्या वृत्तीचे सरसकट गोडवे गाणे हा इतिहासाचा अपलाप होय. माप कळत होते. पण ज्यास कळत होते त्याच्या हाती सत्ता नव्हती, आणि सत्ता ज्याच्या हाती होती त्यास घागर उचलावी लागत नव्हती.

पुढे नळ आला. मुंबईस १८६० साली विहार तलावाचे पाणी मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी व १८९२ मध्ये तानसा हे तलाव त्यास जोडले गेले. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. या नळाने किती उपकार केले! पटकीचा जोर ओसरला, बायकांच्या खेपा वाचल्या, आणि तोटी कोणाची जात विचारीत नसल्यामुळे विटाळाच्या कल्पनेसही धक्का बसला. नळास नावे ठेवून घागरीचे दिवस परत आणू पाहणाऱ्याने आधी स्वतः आठवडाभर घागर वाहून पाहावी.

परंतु नळाने एक गोष्ट नेली. पाण्याचे माप नेले. तोटीखाली उभ्या असलेल्या माणसास ते पाणी कोठून आले, किती आले, व ते येथे आल्याने कोण कोरडे राहिले, यांतले काहीच कळत नाही. मुंबईचे आजचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा यांच्या धरणांतून लांबलांबच्या जलवाहिन्यांनी येते. यांपैकी काही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक गावपाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसावे लागते. घागर नाहीशी झाली नाही. ती शहरातील माजघरातून उठून शहापूरच्या डोंगरातील बाईच्या डोक्यावर गेली, इतकेच. विजेचीही तीच कथा. दिवा मुंबई-पुण्यात लागतो. कोळशाची राख व धूर चंद्रपूरच्या वाट्यास येतो.

मग मागे जाणे अनिष्ट आणि आहे तसे चालणे अन्यायाचे, अशा पेचातून वाट कोणती? ती दाखविणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चशिक्षित ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी मैलासफाईचे काम आपणास मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देण्याची तुरुंगाची तयारी नव्हती. अप्पांनी अन्न सोडले, आणि येरवड्यात बंदी असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी मैल्याचे खत कसे करावे, त्यासाठी शौचकूप कसा बांधावा, याचे प्रयोग चालविले. घाण वाहणारा हात वेगळा व घाण करणारे शरीर वेगळे, ही विभागणीच त्यांनी मोडावयास घेतली. त्यांच्या घरात काटकसर होती, पण ती दुसऱ्याच्या पाठीवर उभी नव्हती. आमच्या मते, नव्या काळातील गृहव्यवस्थेचा मूळ पाठ हा आहे.

या दृष्टीने पाहिले असता आजच्या साध्यासाध्या सूचनांस निराळाच अर्थ येतो. दात घासताना तोटी दोन मिनिटे वाहती ठेवली, आणि मिनिटास पाच-सहा लिटर पाणी गेले असे धरले, तर दहा-बारा लिटर वाया जाते. म्हणजे एक मध्यम घागर. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळला तर महिन्यास ९ युनिटे लागतात. जवळपास तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, बादलीने स्नान करावे, भाजीची देठे-साले गच्चीतील कुंडीत कुजवून त्याच मातीत कोथिंबीर लावावी. या गोष्टींत शास्त्र मोठे नाही, आणि खर्च तर नाहीच. त्यांचा खरा उपयोग हा की, सुटलेले माप त्यांच्या योगे पुन्हा आपल्या हाती येते.

कचऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मैला माणसाकडून वाहविण्याची प्रथा १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायद्याने बंद झाली, तथापि कुजका-सडका कचरा हाताने निवडणारी माणसे आजही आहेत. पुण्यात अशा कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली, आणि २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेच्या सहकार्याने अंगावर घेतले. आपण स्वयंपाकघरात ओले-सुके वेगळे केले नाही, तर ते वेगळे करणारी बाई कोणी दुसरी असते, आणि तिला ते आंबल्यानंतर करावे लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो, खुंटीवरची कापडी पिशवी काढून नेणे घरच्याच माणसाच्या हाती राहते.

शेवटी एक सूचना करून आम्ही हा विषय आटोपता घेतो. घरात यांपैकी कोणतीही नवी शिस्त लावताना ती पाळण्याचे कष्ट कोणावर पडणार, हे गृहस्थाने आधी विचारावे. कचरा निवडणे गृहिणीकडे, कुंडीतील खत मोलकरणीकडे, आणि सृष्टिप्रेमावर भाषण आपल्याकडे, अशी वाटणी होत असेल, तर ती जुन्या वाड्यातील वाटणीच निराळ्या नावाने परत आली असे समजावे. हौदावरची घागर पुरुषांनी क्वचितच उचलली. ओल्या कचऱ्याची बादली त्यांनी रोज उचलावी. इतिहासाचे एवढे देणे फेडणे कोणासही जड जाऊ नये.