कामाठी बागेतले पाच तास

दिवाळीच्या सुटीत आईला, पत्नीला आणि मुलीला घेऊन बडोद्याला गेलो होतो. बाबासाहेब बसले होते ती जागा आईला एकदा डोळ्यांनी पाहायची होती. मुलीला माकडे आणि पोपट पाहायचे होते. दोघींचे काम एकाच बागेत होणार होते. ती बाग म्हणजे सयाजीबाग. जुने नाव कामाठी बाग. १८७९ साली, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, ती उभी राहिली.

बागेकडे आपल्या चळवळीच्या इतिहासाने फारसे पाहिलेले नाही. तळे, विहीर, देऊळ यांचा इतिहास आपण लिहिला, कारण तिथे लढा झाला. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने आले. बाग आली नाही. १९२७ साली महाड झाले, १९३० साली काळाराम झाला. बागेच्या फाटकावर सत्याग्रह करावा असे कुणाला वाटले नाही. बाग सोवळी नव्हती हे एक कारण असेल. पण मला दुसरे कारण मोठे वाटते. बागेत जायला रिकामी संध्याकाळ लागते. ती आपल्या माणसांकडे कुठे होती? आपली माणसे बागेत गेली ती बहुधा झाडू घेऊन.

शाळकरी भीमराव मात्र बागेत जात, तेही विरंगुळ्यासाठी नव्हे. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यात सारे कुटुंब. अभ्यासाला कोपरा नाही. म्हणून शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना पाहिले, चौकशी केली, पुस्तके दिली. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला तो याच केळुसकरांनी. बडोद्याची वाट अशी एका बागेतल्या बाकावरून निघाली, आणि १९१७ साली दुसऱ्या बागेत येऊन थांबली.

तो प्रसंग आपल्याला पाठ आहे. न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेला सव्वीस वर्षांचा माणूस करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होतो, आणि राहायला जागा मिळत नाही म्हणून पारशी नाव घेऊन पारशी उतारशाळेत राहतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहतात. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही आपापल्या घरातली अडचण सांगतात. चार वाजलेले असतात, मुंबईची गाडी नऊची. मधले पाच तास कुठे काढायचे? घर नाही, उतारशाळा नाही, मित्र नाही. उरली सरकारी बाग.

आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे संकल्प दिन पाळला जातो. या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवतो, मग कुणी रागावले तरी चालेल. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते लेखन १९९० साली प्रसिद्ध झाले. बागेतल्या त्या तासांविषयी त्यात संकल्पाचा शब्द नाही. मन काहीसे रिते होते, दुःख होते, आणि एकाकी पडलेल्या लेकराला आठवावेत तसे आईवडील आठवले, एवढेच आहे. आई तर त्यांच्या लहानपणीच गेली होती. वडील १९१३ साली गेले. आठ वाजता ते उठले, गाडी करून उतारशाळेत गेले, सामान खाली आणले. आपण त्या रित्या मनात घाईघाईने प्रतिज्ञा भरली. महापुरुषाला पाच तास नुसते रडवेले बसू द्यायलाही आपण तयार नाही.

१९५० साली घटनेच्या पंधराव्या कलमात 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' आल्या. त्यात बागही आली.

हे सारे मी आईला सांगत होतो. बाकाशी ती थबकली होती. "हितं बसलं तर कुनी उठवनार न्हाई ना?" असे विचारूनच बसली. मुलगी पोपटांकडे पळाली होती, पत्नी तिच्यामागे. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबासायबानं काही खाल्लं आसंल का रं त्या दिशी?"

"सकाळचं जेवण झालं होतं, असं लिहिलंय. जेवून कचेरीलाच निघाले होते."

"म्हंजी सकाळधरनं उपाशीच की."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आईने पिशवीतून भाकरी आणि ठेच्याचे गाठोडे काढले, पदराने बाक पुसला आणि पोरीला हाक मारली.