अहमद बॉडी : एका ठोकळ्याने घेतलेली परीक्षा

१९८४ साली एस. आर. अहमद, जी. राम आणि जी. फाल्टिन या जर्मनीतल्या तीन संशोधकांनी विंड टनेलमध्ये एक ठोकळा ठेवला. लांबी १०४४ मिलिमीटर, रुंदी ३८९, उंची २८८. पुढून गोलसर, खाली चार दांड्या, मागच्या वरच्या बाजूला एक उतार. चाकं नाहीत, आरसे नाहीत. तरीही कारच्या एरोडायनॅमिक्सचं सिम्युलेशन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाठ कधी ना कधी या ‘अहमद बॉडी’शी पडते.

सगळी गंमत त्या मागच्या उतारात आहे. उताराचा कोन २५ अंश असताना ड्रॅगचा गुणांक साधारण ०.२८५ येतो. ३० अंशांना तो थेट ०.३७८ वर जातो. आणि त्याच ३० अंशांवर प्रवाहाची रचना बदलली, की ०.२६० पर्यंत खाली येतो. आकार तोच, कोन तोच, उत्तरं दोन! असं का? तर २५ अंशांना हवा उताराच्या वरच्या कडेला सुटते, थोडं पुढे जाऊन पुन्हा पृष्ठभागाला चिकटते आणि दोन्ही बाजूंच्या कडांवरून दोन जोरदार भोवरे निघतात. ३५ अंशांना मात्र ती सुटते ती सुटतेच. हॅचबॅकची मागची काच हाच खेळ खेळते, हे १९७० च्या दशकात फोक्सवागनच्या यान्सेन आणि हुखो यांनी दाखवलं होतं.

आता हे कॉम्प्युटरवर पकडायचं कसं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८९५ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने सुचवलं, की खळबळत्या प्रवाहाचा क्षणाक्षणाचा हिशोब सोडा, सरासरी घ्या. गणित सोपं झालं, पण सरासरीत भोवऱ्यांची माहिती हरवली. त्या हरवलेल्या माहितीच्या जागी भरलेला अंदाज, म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेल. १९७० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये लॉन्डर आणि स्पॉल्डिंग यांच्या कामातून ‘के-एप्सिलॉन’ रुळलं. स्वस्त आणि सहसा न अडखळणारं, म्हणून ते सगळीकडे पसरलं. पण हवा पृष्ठभागापासून कधी सुटेल, हे त्याला नीट कळत नाही; ते तिला जास्त वेळ चिकटवून ठेवतं. १९९४ साली मेंटरने ‘के-ओमेगा एसएसटी’ मांडलं. त्याचा भर नेमका या सुटण्यावर होता.

मग परीक्षा झाली. एर्लांगेनमध्ये लीनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २५ आणि ३५ अंशांच्या ठोकळ्यांभोवतीचा हवेचा वेग लेझरने मोजला. २००१ मध्ये डार्मश्टाट आणि २००२ मध्ये प्वातिए इथल्या कार्यशाळांत वेगवेगळ्या गटांनी आपापली सिम्युलेशन्स या मोजमापांशेजारी ठेवली. ३५ अंशांना बरंच जमलं. २५ अंशांना घोळ. के-एप्सिलॉनची हवा उताराला चिकटूनच राहायची, एसएसटीची सुटली की परत यायचीच नाही. खरी हवा दोन्हींच्या मधली.

दुसरी वाट हवामानशास्त्रातून आली होती. १९६३ मध्ये स्मागोरिन्स्कीने मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून फक्त लहानांचा अंदाज बांधला; हीच पुढे ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ झाली. पण पृष्ठभागालगतचे भोवरे इतके बारीक, की खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून १९९७ मध्ये स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी तडजोड सुचवली : पृष्ठभागाजवळ सरासरी, दूर गेल्यावर भोवरे. विमानांसाठी निघालेली ही ‘डिटॅच्ड एडी’ पद्धत आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आज कार उद्योगात सर्रास वापरतात.

हा वाद फक्त अभ्यासकांचा नाही. हायवेच्या वेगाला इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीचा मोठा वाटा हवा कापण्यातच जातो. शिवाय डिझायनरला ड्रॅगच्या नेमक्या आकड्यापेक्षा दिशा हवी असते : काच दोन अंशांनी कलवली तर ड्रॅग वाढेल की घटेल? चुकीचं मॉडेल इथे उलटं उत्तर देऊ शकतं, आणि तेही रंगीत, देखण्या चित्रासकट. स्क्रीनकडे बघून ते खोटं आहे हे ओळखू येत नाही.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं मॉडेल कोणतं’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचं, हवा कुठे सुटणार हे कोण ठरवतं? ट्रकच्या मागच्या धारदार कडेने ते आधीच ठरवलं असेल, तर स्वस्त मॉडेलवर निदान पहिला अंदाज बांधता येतो. पण हॅचबॅकच्या उतारावर हवा स्वतःच निर्णय घेते. तिथे सरासरीवर विसंबणं महागात पडतं. मोठे भोवरे सोडवावे लागतात आणि विंड टनेलमधलं एखादं मोजमाप शेजारी ठेवावं लागतं. नवं मॉडेल आलं, की त्याला आजही आधी त्या बिनचाकी ठोकळ्यासमोरच उभं करतात, ते याचसाठी.