निकालपत्रकांतील एक टक्का

शाळेचा निकाल शेंकडा नव्वद लागला असें ऐकतांच आपण संतोष पावतों; परंतु हे नव्वद कोणत्या शंभरांतले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कच्च्या मुलाचा अर्ज मागें ठेवून निकाल उजळ करण्याची युक्ति आमच्या वाचकांस अपरिचित नसावी. जें मूल परीक्षेस बसलेंच नाहीं, तें नापासही होत नाहीं! अमेरिकेंतील अपंग मुलांच्या शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे, एका दृष्टीनें, या शंभरांत कोणास मोजावयाचें याच वादाचा इतिहास होय.

प्रारंभीं हीं मुलें शाळेच्या दाराबाहेरच होतीं. सन १९१९ मध्यें विस्कॉन्सिन राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें पक्षाघातानें पीडलेल्या एका मुलास शाळेंतून वगळणें योग्य ठरविलें. मुलगा अभ्यासांत मागें नव्हता. परंतु त्याच्या दर्शनानें शिक्षक व सोबती यांच्या मनावर अनिष्ट परिणाम होतो, हा शाळामंडळाचा दावा मान्य झाला. हें पालटावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं. सन १९७२ मध्यें वॉशिंग्टन शहरांतील एका दाव्यांत न्यायाधीश वॉडी यांनीं निर्णय दिला कीं, पैसा अपुरा असला तरी त्याची झळ केवळ अपंग मुलांवर लादतां येणार नाहीं. पुढें १९७५ सालीं अमेरिकन संसदेनें सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. देशांत अशीं ऐंशी लक्षांहून अधिक मुलें असून त्यांतील दहा लक्ष मुलें सार्वजनिक शाळांपासून सर्वस्वीं वंचित आहेत, अशी कबुली त्या कायद्यांतच दिलेली आहे.

दार उघडलें, परंतु परीक्षेच्या दिवशीं हीं मुलें पुन्हां बाहेरच राहत. त्यांचे गुण शाळेच्या निकालांत धरले जात नसत. आणि ज्याचे गुण धरावयाचे नाहींत, त्यास काय शिकविलें याची विचारपूस तरी कोण करणार? १९९० सालीं केंटकी राज्यानें आपली शिक्षणपद्धति मुळापासून बदलली, तेव्हां या प्रश्नास प्रथम हात घातला गेला. अत्यंत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या वर्षभराच्या कामाचा संग्रह करावा, तो तपासावा, आणि त्याचे गुण इतर मुलांच्या गुणांइतकेच शाळेच्या निकालांत धरावे, अशी रीति तेथें सुरू झाली. तोच धडा १९९७ च्या सुधारलेल्या कायद्यानें साऱ्या देशास घालून दिला: १ जुलै २००० पर्यंत प्रत्येक राज्यानें पर्यायी परीक्षा सुरू करावी, आणि तिला किती मुलें बसलीं हें जाहीर करावें.

ही परीक्षा असते तरी कशी? शिक्षक एकाच मुलाजवळ बसतो, गोष्ट वाचून दाखवितो व पुढें चित्रें मांडतो. मूल बोटानें, नजरेनें किंवा कळ दाबून उत्तर देतें. विषय त्याच्या इयत्तेचाच, परंतु सोपा केलेला असतो. यांत शिकविण्याचा वेळ व्यर्थ जातो, अशी कित्येक शिक्षकांची तक्रार असते. ती अगदींच निराधार नाहीं. परंतु वर्षानुवर्षें उत्तरपत्रिका तपासीत आलेल्या आम्हांस असें वाटतें कीं, ज्याला कोणी कधीं प्रश्नच विचारला नाहीं, त्याला उत्तर येत नाहीं असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

मात्र नव्या दारानें नवा मोहही आणिला. जरा मंद दिसणारें मूल या सोप्या परीक्षेकडे वळविलें कीं शाळेचा निकाल सुधारे. म्हणून २००३ च्या नियमानें असें ठरविलें कीं, पर्यायी परीक्षेंतील यश परीक्षार्थींच्या एक टक्क्यापुरतेंच जमेस धरावें. २०१५ च्या कायद्यानें तर परीक्षेस बसणाऱ्यांच्याच संख्येस राज्यभर एक टक्क्याची मर्यादा घातली. मुलास त्या वाटेस लावल्यानें शालान्त पदविका मिळण्यास अडथळा येऊं शकतो, हें आईबापांस सांगणेंही आवश्यक केलें.

ही मर्यादा राज्यास आहे, स्थानिक शाळाजिल्ह्यास नाहीं. जिल्हा ती ओलांडूं शकतो. परंतु त्यानें राज्याकडे लेखी कारण दिलें पाहिजे, आणि राज्यानें तें लोकांपुढें ठेविलें पाहिजे. कारण खरेंही असूं शकतें: शंभर परीक्षार्थींच्या लहानशा जिल्ह्यांत दोन मुलें म्हणजे दोन टक्के! कोठें खास उपचारांची सोय असते, म्हणून अशीं कुटुंबें तेथें येऊन राहतात. तर कोठें केवळ सोयीसाठीं मुलें त्या वाटेला ढकललेलीं असतात. आंकडा या दोहोंतील भेद स्वतः सांगत नाहीं. तो विचारावा लागतो. या अहवालांचें खरें मोल आम्हांस येथेंच दिसतें. ते निकाल देत नाहींत, तर प्रश्न विचारण्यास जागा करून देतात.

अशा तक्त्यांत कित्येकदां आंकड्याच्या जागीं नुसती चांदणीची खूण असते. मुलें इतकीं थोडीं असतात कीं, आंकडा छापला तर मूल ओळखूं येईल. १९१९ सालीं ज्याला पाहणेंही नकोसें झालें होतें, त्याच्या अब्रूची आज एवढी काळजी! त्या खुणेचा अर्थ कोणी नाहीं असा नसून, येथें कोणीतरी आहे, असा आहे.