चुन्याचा हात

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत तो भस्मसात् झाला. या तिन्ही तारखा इतिहासानें जपून ठेविल्या आहेत. परंतु मधल्या शंभरएक वर्षांत त्या वाड्याच्या भिंतींना किती वेळां चुना दिला, गळणारीं छपरें किती वेळां नीट केलीं, हें विचारण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. घर बांधणाराचें नांव मागें राहतें. घर राखणाराचें राहत नाहीं. वास्तविक घर बांधणें हें एकदांच घडतें. राखणें मात्र दरसाल करावें लागतें. तेव्हां घराच्या डागडुजीचा व रंगसफेतीचा इतिहास हा, राजवाड्यांच्या इतिहासाइतका दिमाखदार नसला, तरी त्याहून कितीतरी अधिक घरांचा इतिहास आहे.

गवंडी व रंगारी यांच्या भाषेंत रंगाच्या एका थराला ‘हात’ म्हणतात. भिंतीला एक हात दिला, दोन हात दिले, असें ते बोलतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. भिंतीवर कोणता रंग बसला याच्याइतकेंच तो कोणाच्या हातानें बसला यालाही महत्त्व आहे, आणि गेल्या दीड शतकांत महाराष्ट्रांतील घरांत जो खरा पालट झाला तो रंगाचा नव्हे, हाताचा होय.

देशावरील जुन्या वाड्याचें जोतें घडीव दगडाचें, खांब व तुळया सागवानी, आणि भिंती पक्क्या विटांच्या किंवा चक्क मातीच्या असत. त्यांवर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. कोंकणांत जांभा दगड, माती आणि वर गवत किंवा नळीचीं कौलें. हीं सर्व द्रव्यें जवळपास मिळणारीं व स्वस्त खरीं, पण पावसापुढें नरम. चार महिने पाऊस झोडपीत राहिला कीं भिंतींचे पोपडे सुटत, कोपऱ्यांत बुरशी धरे आणि माजघरांतील जमीन उखणे. म्हणून वर्षाचीं दोन कामें ठरून गेलेलीं होतीं. मृगापूर्वीं छपराची शाकारणी, आणि पाऊस सरल्यावर भिंतींना चुना. नवरात्राच्या आधीं घर झाडून-धुऊन काढावयाचें आणि दिवाळीपूर्वीं सफेती करावयाची, या रूढीचें मूळ धर्मांत शोधण्यापूर्वीं हवामानांत शोधावें. ओली भिंत आश्विनाच्या उन्हानें सुकल्यावांचून तिच्यावर चुना धरत नाहीं, हें साध्या गवंड्यालाही ठाऊक होतें. धर्मानें त्या व्यवहाराला सणाची तारीख दिली, आणि तारीख मिळाल्यामुळें आळशी माणसालाही तें काम टाळतां येईना.

चुन्याची कृति पाहण्यासारखी आहे. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिच्यांतील कर्बाम्ल वायु निघून जातो व कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी घातलें कीं तो फसफसून तापतो व विरतो. बांधकामाचा चुना बैलांनीं ओढावयाच्या दगडी चाकाच्या घाणींत वाळूबरोबर मळीत, आणि तो चिवट व्हावा म्हणून त्यांत ताग, गूळ, बेलफळाचा चीक असे जिन्नस मिसळीत. सफेतीचा चुना मात्र विरवून, गाळून, पातळ करून घेत. हाताला लागूं नये म्हणून त्यांत थोडा डिंक घालीत आणि पिवळट झांक जावी म्हणून चिमूटभर नीळ. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी किंवा मोरचूद. भिंतीवर बसलेला हा चुना हवेंतील तोच वायु पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू दगडाचें मूळ रूप धारण करतो. शिवाय त्याच्या थरांतून भिंतींतील ओल बाहेर पडूं शकते, आणि त्याच्या तीव्र क्षारामुळें बुरशी वाढत नाहीं. मातीच्या भिंतीला याहून योग्य आवरण शोधून सांपडलें नसतें. दोष एवढाच कीं तें टिकाऊ नव्हे. दोनतीन वर्षांत, आणि स्वयंपाकघरांत तर वर्षाच्या आंत, पुन्हा हात द्यावा लागे.

हा हात कोणाचा? छप्पर व उंच भिंती पुरुषांकडे किंवा मजुरांकडे. जमीन, चूल, तुळशीवृंदावन आणि हात पोंचेल तेथवरची भिंत स्त्रियांकडे. शेणाचें सारवण, चुलीला पोतेरें, ओट्याच्या कडेला गेरूची पट्टी, दाराशीं सडा आणि रांगोळी, हें सर्व बायकांच्या हातचें. लग्न ठरलें म्हणजे सारें घर रंगे, आणि दारावर गणपति व दोन बाजूंस केळीचे खांब किंवा भालदार-चोपदार चितारले जात. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील वारली समाजांत लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें ‘चौक’ लिहिण्याचा मान सवासिणींचा असे. जी चित्रें पुढें १९७० नंतरच्या काळांत कागदावर उतरून जगभर गेलीं, तीं मूळचीं घराच्या भिंतीचीं.

या श्रमांचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाहीं. ओणव्यानें सारवितां सारवितां कंबर धरे. चुन्यानें बोटें फुटत. भट्टीवर चुना भाजणाराचें स्वतःचें घर बहुधा पांढऱ्या मातीनेंच सारविलेलें राही. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल कीं, दरसाल भिंतीवरून हात फिरत असल्यामुळें कोठें भेग पडली, कोठें वाळवी लागली, कोणता वांसा कुजला, हें घरच्या माणसांच्या ध्यानांत वेळींच येई. सफेती ही शोभा होतीच, पण ती घराची तपासणीही होती.

श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची तऱ्हा निराळी. वाईजवळ मेणवली येथें कृष्णाकांठीं नाना फडणिसांचा जो वाडा आहे, त्यांतील भिंतींवरील चित्रें प्रसिद्ध आहेत. अशी चितारलेली भिंत सामान्य गृहस्थाच्या आंवाक्याबाहेरची. त्याच्या भिंतीवर चित्र आलें तें छापखान्यामुळें. पुण्यांत १८७८ सालीं चित्रशाळा निघाली आणि १८९४ सालीं मुंबईंत राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना सुरू झाला. त्यानंतर लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन यांच्या तसबिरी मध्यमवर्गीय घरांत ओळीनें लागल्या. खोली सजविण्याची ही नवी सोय होती. भिंत पांढरी ठेवावी, चौकटी टांगाव्या, आणि घासलेटच्या दिव्याच्या काजळीनें भिंत काळवंडली कीं चौकटी उतरवून पुन्हा चुना द्यावा.

अशा रीतीनें चुना हा घराचा जुना सोयरा होता. पण १८९६ सालीं तोच चुना परका होऊन दारांत उभा राहिला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, रोगी ओळखले. घाण व कोंदट हवा यांतून रोग उद्भवतो, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. तेव्हां घरें धुवावीं, भिंतींना चुना द्यावा, जमिनी खणाव्या, छपराचीं कौलें काढून ऊन आंत घ्यावें, असा सपाटा सुरू झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चपासून पुण्यांत वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखालीं गोरे शिपाई घरोघर शिरूं लागले. झडती, विलगीकरण आणि चुन्याची सफेती हीं त्यांचीं कामें. माजघर आणि देवघर येथें परका पुरुषही पाऊल टाकीत नसे. तेथें बुटांसह शिपाई गेले. सामान अंगणांत फेंकलें गेलें, कांहीं जाळलें गेलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मेला. लोकांच्या संतापाला कारणें अनेक होतीं, आणि चुना हें त्यांतील लहानसें. तरीपण एक विलक्षण गोष्ट येथें दिसून येते. दिवाळीला ज्या भिंतीला आनंदानें चुना दिला जाई, त्याच भिंतीवरचा तोच चुना आतां अपमानाचा डाग वाटला. द्रव्य तेंच, हात बदलला होता.

दैवदुर्विलास असा कीं, तो चुना रोगाच्या मुळावर पडतच नव्हता. १८९८ सालीं कराचीस काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें पसरतो असें दाखविलें. तें प्रथम कोणी मानलें नाहीं. पुढें दहाएक वर्षांत तें सर्वमान्य झालें. भिंत पांढरी झाली तरी मातींतील बिळें आणि माळ्यावरील उंदीर जसेच्या तसेच राहत. रोगाचें कारण न शोधतां वरून हात फिरविल्यानें काय होतें, याचा हा मोठा महाग पडलेला धडा होता.

प्लेगानें घराविषयींची दृष्टि मात्र कायमची पालटली. १८९८ सालीं मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उजेड, हवा आणि धुतां येईल अशी जमीन हीं सुघराचीं लक्षणें ठरलीं. बासेल मिशननें मंगळुरास १८६५ सालापासून पाडलेल्या चपट्या कौलांची जात कोंकणांत व मुंबईंत रुळलीच होती. तिनें शाकारणीचें काम पुष्कळ हलकें केलें. सारवणाच्या जागीं शहाबादी फरशी आली. १९१४ सालीं पोरबंदरास पोर्टलंड सिमेंट तयार होऊं लागलें, आणि १९२२ सालीं स्वदेशीच्या भावनेनें मुंबईंत भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना निघून रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या घरोघर दिसूं लागल्या. सारवणाच्या कष्टांतून स्त्रियांची सुटका केली ती याच फरशीनें व लादीनें, आणि हा उपकार लहान नव्हे.

खोल्यांचीं नांवें व कामेंही बदललीं. ओटी, पडवी, माजघर हीं मागें पडलीं. ब्लॉकांत बैठकीची खोली, निजण्याची खोली आणि घराच्या आंतच न्हाणीघर असा थाट आला. नोव्हेंबर १९३७ मध्यें मुंबईच्या टाउन हॉलांत वास्तुविशारदांच्या संस्थेनें ‘आयडियल होम’ नांवाचें प्रदर्शन भरवून खोल्या कशा सजवाव्या याचे नमुने लोकांपुढें मांडले. पुण्याचे स्थापत्यविशारद आर. एस. देशपांडे यांचें ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हें पुस्तक १९३९ सालीं निघालें. घराची मांडणी पुस्तकांतून शिकावयाची ही कल्पना मध्यमवर्गांत रुजली ती या सुमारास.

पुढें महायुद्धानें बाहेरच्या रंगांची आवक रोखली, आणि १९४२ सालीं चौघां मित्रांनीं गिरगांवांतील गायवाडींत एका लहानशा जागेंत रंगाचा धंदा मांडला. तीच पुढें एशियन पेंट्स झाली. त्या कंपनीसाठीं १९५४ सालीं आर. के. लक्ष्मण यांनीं रेखाटलेला, हातांत कुंचला घेतलेला खोडकर ‘गट्टू’ दोन पिढ्यांच्या परिचयाचा आहे. डिस्टेंपर, तेलरंग आणि नंतरचे प्लॅस्टिकचे रंग यांनीं घरांत शेंकडों छटा आणल्या. कपड्याला न लागणारी, ओल्या फडक्यानें पुसतां येणारी भिंत मिळाली. एकदां रंगविलें कीं पुष्कळ वर्षें पाहावयास नको, हें त्यांचें मोठें आकर्षण. तथापि या सोयीबरोबर एक विषही घरांत आलें होतें. तेलरंगांतील शिशामुळें लहान मुलांच्या मेंदूस अपाय होतो. म्हणून भारतांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणलें व १ नोव्हेंबर २०१७ पासून तें बंधनकारक झालें. त्याआधीं रंगविलेलीं दारें-खिडक्या खरवडतांना उडणारी धूळ म्हणूनच मुलांपासून दूर ठेवावी लागते.

या नव्या रंगांचा दुसरा तोटा जुन्या घरांना भोगावा लागला. मातीच्या व चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर तेलरंग दिला म्हणजे पहिलीं दोन वर्षें ती आरशासारखी दिसते. परंतु जमिनींतून चढणारी ओल बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. ती आंतल्या आंत साठते, क्षार फुलवून गिलावा सोडविते आणि भिंतींत पुरलेल्या तुळयांचीं टोकें कुजविते. घराला नवें रूप द्यावें या सद्हेतूनेंच कित्येक वाड्यांचें आयुष्य असें कमी झालें आहे. म्हणून जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार करणारे जाणते लोक आज पुन्हा चुन्याकडे वळले आहेत. त्यांना जुन्या काळाचा मोह पडला आहे असें नव्हे. त्या भिंतीचा स्वभावच तसा आहे.

कोणीं आतां दरसाल शेणानें सारवीत बसावें, असें या इतिहासाचें सांगणें नाहीं. सिमेंटच्या भिंतीला सिमेंटचे रंग योग्य, मातीच्या भिंतीला चुना योग्य. परंतु जुन्या सफेतीबरोबर घरांतून दुसरीही एक गोष्ट नकळत निघून गेली, आणि ती म्हणजे वर्षांतून एकदां घर भिंतीभिंतीनें न्याहाळण्याची वहिवाट. पूर्वीं ती चुन्याच्या निमित्तानें आपोआप घडे. रंग दहा वर्षें टिकूं लागल्यावर ती मुद्दाम घडवावी लागते. दसऱ्याच्या सुमारास कपाटें भिंतीपासून हात-दोन हात पुढें ओढावीं, मागची ओल पाहावी, पन्हळी व मोऱ्यांचे नळ तपासावे, लांकडावर टिचकी मारून तें पोकळ वाजतें काय तें ऐकावें. डाग दिसला तर रंगाऱ्यास बोलावण्याआधीं पाणी कोठून येतें तें शोधावें, आणि तें बंद होऊन भिंत पुरती सुकल्यावरच तिच्यावर नवा हात द्यावा.