हॅम्पस्टेडचे ढग

लंडनमध्ये राहत असाल, तर हॅम्पस्टेड हीथच्या माळावर तुम्ही कधीतरी गेला असाल. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ मध्ये याच परिसरात उघड्यावर बसून निव्वळ आकाश रंगवत असे. पत्नी मारियाची प्रकृती नाजूक होती. तिला चांगली हवा मिळावी म्हणून १८१९ पासून हे कुटुंब इथे येऊन राहू लागले होते.

हे काम सोयीचे नव्हते. कथिलाच्या नळीतले रंग निघाले १८४१ मध्ये, कॉन्स्टेबलच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्याच्या काळी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पुरचुंडीत बांधून मिळत. त्यात ढग कुणासाठी थांबत नाही. म्हणून तो कागदावर, झपाट्याने रंगवी.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी चित्रकारांचा अभ्यास करताना तहानभूक विसरायला लावणारी एकतानता टिपली आणि पुढे तिला 'फ्लो' म्हटले. आपल्याकडे तिला तंद्री म्हणतात. त्यांच्या मते तिला स्पष्ट उद्दिष्ट लागते, हातातल्या कौशल्याला पुरेपूर ताणणारे आव्हान लागते आणि आपले जमते आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळावे लागते. सरकणारा ढग हे सारे एकदम देतो.

तंद्री म्हणजे भान हरपणे, असे आपण समजतो. पण कॉन्स्टेबलच्या अनेक आकाशचित्रांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. त्याचे भान पुरते जागे होते.

येत्या रविवारी अर्धा तास काढा आणि एकच ढग रंगवा. पाठीमागे वेळ लिहायला विसरू नका.