कबरीतल्या पोराची वंशावळ

जपानात एक जुनी लोककथा सांगतात. रोज रात्री एक फिकट चेहऱ्याची बाई दुकानात येऊन गोळ्या घेऊन जाते. दुकानदार एकदा तिच्या मागोमाग जातो, तर ती दफनभूमीत दिसेनाशी होते आणि जमिनीखालून रडणं ऐकू येतं. उकरल्यावर मेलेल्या आईजवळ जिवंत बाळ सापडतं. क्योतोत या कथेच्या नावाने आजही गोळ्या विकल्या जातात.

१९३०च्या दशकात इतो मासामी यांनी या कथेवरून ‘हाकाबा कितारो’, म्हणजे दफनभूमीतला कितारो, रचला तो कामिशिबाईसाठी. सायकलवर लाकडी चौकट लावायची, तिच्यात एकेक चित्र सरकवत गल्लीतल्या पोरांना गोष्ट सांगायची. तिकीट नसे, गोष्टवाला गोळ्या विकून पोट भरी. कथेतलं बाळ आणि कथा सांगणारा, दोघंही गोळ्यांवरच जगले म्हणायचे!

१९५४ साली कोबेत कितारो पुन्हा अवतरला. चित्रकार होता एक हात गमावलेला माजी सैनिक. युद्धात न्यू ब्रिटन बेटावर बॉम्बहल्ल्यात त्याचा डावा हात गेला होता. तो चालवत असलेल्या मिझुकी-सो या भाड्याच्या इमारतीवरून लोक त्याला मिझुकी म्हणू लागले, आणि तेच त्याचं लेखनातलं नाव झालं: मिझुकी शिगेरू. मूळ चित्रं त्याने पाहिलेली नव्हती. सुझुकी काट्सुमारू या कामिशिबाईवाल्याने त्या जुन्या खेळाची आठवण काढली, त्यावरून त्याने आपला कितारो उभा केला.

पुढे टीव्हीने कामिशिबाई संपवली, तेव्हा कितारो भाड्याने मिळणाऱ्या मांगा, म्हणजे चित्रकथांच्या, पुस्तकांत गेला. १९६०च्या त्या कथेत रोगाने बापाचं शरीर सडतं, उरतो फक्त एक डोळा. मुलाच्या काळजीने त्या डोळ्याला हातपाय फुटतात. हा कितारो गोंडस नव्हता, सिगारेटही ओढायचा. मला तोच खरा वाटतो.

१९६५मध्ये तो ‘शोनेन मॅगझिन’ साप्ताहिकात आला, आणि हळूहळू माणसांच्या मदतीला धावणारा नायक झाला. टीव्हीवर जायची वेळ आली तेव्हा जाहिरातदारांना नावातली दफनभूमी नको होती. म्हणून मालिका झाली ‘गेगेगे नो कितारो’. ‘गेगे’ हे मिझुकीचं लहानपणीचं टोपणनाव, शिगेरूचा बोबडा उच्चार. शीर्षकगीतही त्यानेच लिहिलं. ३ जानेवारी १९६८ला तोएई स्टुडिओची कृष्णधवल मालिका सुरू झाली. नंतर प्रत्येक दशकात नवा अवतार निघत गेला.

कितारोच्या सोबत्यांची, भुतांची टोळी मात्र आणखी जुन्या घरातून आली. उडणारं कापड इत्तान-मोमेन कागोशिमाचं, रडणारा म्हातारा कोनाकी-जीजी तोकुशिमाचा. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३८च्या सुमारास गावोगावच्या भुतांची नोंद केली होती. तिथली ओळ-दोन ओळींची भुतं मिझुकीच्या कुंचल्याने देशभर घरोघरी पोचली. पुष्कळांचं ठरलेलं रूपच त्याने दिलं.

२००८मध्ये ‘हाकाबा कितारो’ या रात्री उशिरा लागणाऱ्या मालिकेने जुनं नाव आणि भाडेपुस्तकांतला कितारो दोन्ही परत आणले. मिझुकी २०१५ साली गेला. २०२३च्या चित्रपटाने त्याहूनही मागे जाऊन, डोळा उरण्याआधीचा धडधाकट बाप दाखवला. काळ १९५६चा; त्याच्यासोबत रक्तपेढीतला एक नोकरदार, युद्धातल्या आत्मघाती हल्ल्यातून वाचलेला. त्याचं नाव मिझुकी.