शेतसारा, मीठ आणि स्वराज्य

२६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. स्वातंत्र्य हा प्रत्येक राष्ट्राचा हक्क आहे, या तत्त्वाबरोबरच तिच्यात एक साधा हिशेबही मांडला होता. जनतेकडून वसूल होणाऱ्या करांपैकी वीस टक्के शेतसाऱ्यातून, तर तीन टक्के मिठावरील करातून येतात आणि मिठाच्या कराचा भार गरिबांवर सर्वाधिक पडतो, असे तिच्यात म्हटले होते. स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेत शेतसारा आणि मीठ कसे आले, याचे उत्तर महाराष्ट्राच्या त्याआधीच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेतील वसाहतींचा लढाही करांच्या तक्रारीतूनच उभा राहिला. १७६५ चा मुद्रांक कायदा, १७७३ मध्ये बोस्टन बंदरात बुडवलेला चहा आणि १७७६ ची स्वातंत्र्याची घोषणा, हा प्रवास अवघ्या अकरा वर्षांचा होता. मात्र तेथील वसाहतींना स्वतःच्या निर्वाचित सभा होत्या. महाराष्ट्रातील रयतेपाशी अर्जापलीकडे काही नव्हते. त्यामुळे येथील वाट लांबची ठरली.

मोजणीची साखळी

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत रुजली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीस प्रारंभ केला. प्रत्येक शेत मोजायचे, जमिनीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी आकार निश्चित करायचा, अशी ही रीत होती. हिशेबात ती नेटकी होती. पण पीक येवो अथवा बुडो, सारा ठरलेल्या हप्त्याला आणि रोखीनेच भरावा लागे.

१८५२ मध्ये ही मोजणी खानदेशात पोहोचली, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल या भागांत शेतकऱ्यांचे मोठे जमाव जमले आणि मोजणीला विरोध झाला. सरकारने लष्कर आणले, पुढाऱ्यांना अटक केली आणि मोजणी पुढे चालू ठेवली. आज नाशिक जिल्ह्यात असलेले बागलाण त्या काळी खानदेशातच होते. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये अस्तित्वात आला.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला. ही तेजी ओसरत असतानाच पहिल्या मोजणीची तीस वर्षांची मुदत संपली आणि नवे, वाढीव आकार लागू झाले. भाव घसरले, सारा मात्र चढला. हप्ता भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि दख्खनच्या दंग्यांत गावोगावी कर्जखते जाळली गेली. राग सावकारावर निघाला. साऱ्याचा आकार ठरविणारे सरकार मात्र त्या रागाच्या टप्प्याबाहेर राहिले.

अर्ज आणि बंड

हा संबंध उघड करून दाखविण्याचे काम १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने केले. सभेने गावांतून माहिती गोळा करून साऱ्याच्या बोजाविषयी अहवाल तयार केला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्जही तिने याच सुमारास केला. दबावाचा काही परिणाम झाला. सुधारित आकारणीत तालुक्याची एकूण वाढ ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाची ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खातेदाराची दुपटीपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा मुंबई सरकारने १८७४ मध्ये घातली. परंतु मर्यादा घालणारे आणि आकार ठरविणारे सरकार एकच होते. प्रतिनिधित्वाचा अर्ज फळाला आला नाही.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने व्यापारी व कारागिरांवर परवाना कर बसविला. दुष्काळनिवारणासाठी म्हणून वाढविलेल्या महसुलाचा पैसा अफगाण युद्धाच्या वेळी अन्यत्र वळविला गेल्याची टीका झाली. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह बंड उभारले. लोकांना काम द्यावे, कर कमी करावेत, युरोपीय अधिकाऱ्यांचे पगार घटवावेत, अशा मागण्या त्यांच्या जाहीरनाम्यात होत्या. ब्रिटिश सत्ता उलथून टाकणे हे मात्र त्यांचे अंतिम ध्येय होते. करांची तक्रार आणि स्वातंत्र्याची आकांक्षा येथे एका शस्त्रधारी बंडात एकत्र आली. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

सनदशीर मार्गाचीही कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळ संहितेतील सवलतींची माहिती गावोगावी पोहोचविली. पीक बुडाले असल्यास सूट मागणे हा उपकार नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, असा या प्रचाराचा आशय होता. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

किती आणि कोणी?

मिठाच्या कराची कहाणी याहून बोलकी आहे. १८८८ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपये झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात, प्रजा हलाखीत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक कशी पडते, हे आकड्यांनिशी दाखविले. १९०३ पासून कर टप्प्याटप्प्याने उतरला आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. मात्र १९२३ मध्ये सरकारने तो पुन्हा वाढवून अडीच रुपये केला. मध्यवर्ती विधिमंडळाने ही वाढ फेटाळली असता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ती अमलात आणली. पुढच्याच वर्षी दर खाली आला खरा. परंतु निर्वाचित प्रतिनिधींचा नकारही निरर्थक ठरू शकतो, हे सिद्ध झाले होते. कर किती असावा, हा प्रश्न मागे पडून तो कोणी बसवावा, हा प्रश्न पुढे आला.

म्हणूनच १९३० मध्ये महात्मा गांधींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत शेतसारा निम्मा करण्याची आणि मिठाचा कर रद्द करण्याची मागणी होती. दांडीयात्रेनंतर महाराष्ट्रात शिरोडा आणि वडाळा येथील मिठागरे सत्याग्रहाची केंद्रे बनली. समुद्रापासून दूर असलेल्या भागांत जंगलाचा कायदा हेच मीठ ठरले. चराई शुल्क आणि गवत-सरपणावरील निर्बंध यांनी गावकरी त्रस्त होतेच. बागलाण, संगमनेर, बिळाशी, पुसद येथे जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे पोलिसांच्या गोळीबारात आठ जणांनी प्राण गमावले.

नाशिकचे वेगळेपण

तथापि, स्वातंत्र्याची प्रत्येक प्रेरणा करांच्या तक्रारीतून आली, असे मानणे चुकीचे ठरेल. १९०४ मध्ये नाशिकमध्ये आकाराला आलेल्या अभिनव भारत संघटनेची प्रेरणा सशस्त्र क्रांतीची होती. दांडीयात्रा सुरू होण्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली याच शहरात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. परकी सत्तेला जाब विचारणाऱ्या समाजाला त्या सत्याग्रहाने स्वतःच्या घरातील अन्यायाचा जाब विचारला.

स्वराज्य कोणासाठी, हा प्रश्न नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही चर्चिला गेला. १९३२-३३ मध्ये तेथे बंदिवासात असलेल्या जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आदींच्या विचारमंथनातून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पुढे आली आणि १९३४ मध्ये तो पक्ष स्थापन झाला.

मिठावरील कर १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, हंगामी सरकारने रद्द केला. शेतसाऱ्याची आकारणी स्वातंत्र्यानंतरही राहिली. मात्र ती ठरविणारे सरकार निवडण्याचा अधिकार आता सारा भरणाऱ्याच्या हाती आला होता.